सेइकिचीची नखं

आमची 'हिनोमी' म्हणजे जपानच्या नौदलाची तेलवाहू बोट. लढाऊ बोटींवर तोफा, झेंडे, बँड. आमच्यावर नुसता वास. बोर्निओहून तेल भरायचं, भर समुद्रात त्या मिजासखोरांना पाजायचं आणि उरलेलं तोकुयामा बंदरात आणून ओतायचं. भरलेली असली की जळायची भीती, रिकामी असली की टाक्यांतल्या वाफेने फुटायची. मरण दोन्हीकडून. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या बरोबरीच्या निम्म्याअधिक बोटी तळाला गेल्या होत्या. आपलेही दिवस भरलेत, हे आमच्या आचाऱ्यालासुद्धा कळत होतं.

म्हणून तर निघण्याआधी प्रत्येकाने आपली नखं आणि केस पाकिटात घालून कचेरीत ठेवायचे. समुद्रात गेलेल्याचं प्रेत मिळत नाही. घरच्यांना जाळायला, पुरायला काहीतरी हवं ना! परत आलो की पाकीट मागून घ्यायचं आणि बंदरात फेकून द्यायचं. फेकताना काय बरं वाटायचं म्हणून सांगू!

सेइकिची माझ्याच बेटावरचा, ओशिमाचा. पंपाच्या खोलीत कामाला होता. घरी एकटी आई, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. येती थंडी काही काढत नाही, असं डॉक्टरने सांगून टाकलेलं. "शेवटच्या घटकेला तिच्या उशाशी बसायला मिळू दे, बस्स," एवढंच त्याचं मागणं. स्वतःच्या जिवाचं काही मागायचाच नाही, गाढव.

त्या खेपेला आम्ही सकाळी निघणार होतो. अचानक हुकूम आला, आत्ताच निघा. तोवर दिवे लागले होते. आमचा तांडेल कात्री घेऊन एकेकापुढे फिरायला लागला.

"सेइकिची, आटप."

"दिवेलागण झाली, तांडेल. रात्री नखं कापणाऱ्याला आईबापाची शेवटची भेट मिळत नाही."

"आणि टॉर्पेडोने गेलेल्याला मिळते होय रे? काप मुकाट्याने!"

"सकाळी कापतो ना."

"आणि सकाळी पाकीट कचेरीत कोण नेणार, मासे?"

सगळे खो खो हसले. केस द्यावेत तर तेही नाहीत. उकाड्याला कंटाळून त्याच दिवशी त्याने डोक्याचा तुळतुळीत गोटा करून घेतला होता. तांडेलाची पाठ वळताच त्याने पाकीट रिकामंच चिकटवलं आणि वर नाव घातलं.

"अरे मेल्या, आई काय जाळेल, कागद?" मी खेकसलो.

"जाळायची वेळच येणार नाही, हेइजो. या खेपेनंतर रजा देतो म्हणालेत. मी तिच्याकडे जाणार."

माझी नखं मी कापली.

जाताना वाचलो. बोर्निओतल्या बालिकपापानला तेल भरलं, परतीच्या वाटेवर सोबतीच्या दोन विनाशिकांना पाजलं. पोटभर पिऊन त्या पुढे पळाल्या. दुसरीकडून बोलावणं आलं होतं म्हणे. आम्ही एकटे. दुसऱ्या दिवशी दुपारी टॉर्पेडो बसला, नेमका पंपाच्या खोलीपाशी. मी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर टेहळणीला होतो म्हणून पाण्यात फेकला गेलो. पाणीसुद्धा जळत होतं. सेइकिचीला हाक मारायला तोंड उघडलं तर तेलच घशात गेलं. तो वर आला नाही. येणार कुठून? ती खोली बोटीच्या तळाशी.

एका गस्तीच्या बोटीने आम्हा मूठभरांना उचललं. भाजलेल्या पाठीपायी थंडीभर इस्पितळात पडून राहिलो. सुटल्यावर तोकुयामाच्या कचेरीत गेलो, तर कारकुनाने माझ्या पाकिटासोबत सेइकिचीचंही हातावर ठेवलं. "तुमच्याच बेटावरचे ना? द्या नेऊन." त्याचं काय जातंय! ते पाकीट इतकं हलकं होतं की माझं डोकंच फिरलं. कुठल्या तोंडाने देऊ हे त्या माउलीला? माझं तर मी केव्हाच बंदरात फेकलं होतं. बेटावर उतरलो, एका संत्र्यांच्या बागेच्या बांधावर बसलो, पुन्हा वाढलेली माझी नखं चाकूने कापली आणि त्याच्या पाकिटात भरली. पाप की पुण्य, ते बुद्ध जाणे.

थंडी सरली होती आणि सेइकिचीची आई जिवंत होती. भिंतीला टेकून बसली होती. बातमी तिला आधीच कळली होती. पाकीट तिने कपाळाला लावलं, मग उघडून नखं तळहातावर ओतली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हात दाखव तुझे."

मी मागे घेतले.

"दाखव म्हणते ना!"

दाखवले. ताजी कापलेली नखं लपवणार कुठे?

"त्याची कुठायत?"

मग सांगावंच लागलं. दिवेलागण, तांडेलाची कात्री, सगळं.

"मीच शिकवलं होतं त्याला," शेवटी ती म्हणाली. "लहानपणी संध्याकाळी कात्रीला हात लावला की फटका द्यायचे. म्हणायचे, माझ्या मरणाला यायचं नाही का रे तुला?"

मला हुंदका फुटला. ती रडली नाही. माझी नखं तिने कागदात बांधून माझ्या मुठीत कोंबली. "समुद्रात टाक जाऊन. जिवंत माणसाची नखं थडग्यात घालतात का, वेड्या?" मग पितरांच्या देव्हाऱ्याखालून कात्री काढून माझ्यापुढे धरली. "माझी काप. माझ्या पोटचा होता तो. त्याच्या अंगातलं म्हणून पुरायला एवढंच उरलंय."

बाहेर अंधारून आलं होतं. विमानांच्या धास्तीने शेजारणी खिडक्यांवर काळं कापड ओढत होत्या.

"मावशी, रात्र झाली. सकाळी कापू."

"काप रे," हात पुढे करत ती म्हणाली. "आता माझ्या उशाशी यायचं कोण राहिलंय?"

मी दिवा जवळ ओढला आणि कापायला लागलो.