सहीच्या रेघेखालचं लॅटिन

वकिलांच्या ऑफिसात मावशी बावीस वर्षं टायपिंग करत होती, पण 'प्रायमा फेसी' म्हणजे काय हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ते बहुतेक सुरुवातीला येतं आणि 'साइनी डाय' शेवटी, एवढ्यावर तिचा गाडा छान चालला होता. अर्थ विचारायचा पगार तिला मिळत नव्हता.

मग भाचीच्या शाळेचा फॉर्म आला. चार दिवसांची सहल, सही दोन दिवसांत हवी. सहीच्या रेघेखाली तिरक्या अक्षरांत छापलं होतं: आई, वडील किंवा 'इन लोको पॅरेंटिस'. हे तिनं कधी टाइप केलेलं नव्हतं, आणि न वाचता सह्या करणाऱ्यांचं काय होतं ते ती रोज ऑफिसात बघत होती.

दुपारी वकीलसाहेब डबा उघडत असताना तिनं फॉर्म पुढे केला.

"साहेब, इंग्रजीत हे लॅटिन घुसवलंय कशाला?"

"थोडक्यात काम होतं. शिवाय अशिलाला वाटतं, वकील शिकलेला आहे." त्यांनी चष्मा लावला. "आईबापांच्या जागी. म्हणजे तुम्हीच की."

मग तिला चैन पडेना. जुन्या फायली काढून तिनं साहेबांना भंडावून सोडलं. 'प्रायमा फेसी' म्हणजे प्रथमदर्शनी. 'साइनी डाय' म्हणजे पुढचा दिवस न ठरवता. 'बोना फायडी' म्हणजे चांगल्या मनानं. इतकी वर्षं आपण काय काय लिहीत होतो, या विचारानं तिला हसू आलं.

'जागी' हा शब्द मात्र तिला टोचत राहिला. बहीण आणि मेहुणे अपघातात गेले, तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून ती बॅग घेऊन भाचीकडे आली होती. त्याला सहा वर्षं झाली. त्या जागेवर तिला कोणी बसवलं नव्हतं, आणि जिच्या आईची ती जागा होती, त्या भाचीला विचारायची तिला भीती वाटत होती.

संध्याकाळी तिनं धीर करून भाचीला अर्थ सांगितला. "तसं लिहून सही केली तर चालेल ना तुला?"

भाचीनं वहीतून मान वर केली. "आईच्या जागी नको."

मावशीनं फॉर्मची घडी घातली. "बरं," ती म्हणाली.

"ती जागा आईचीच आहे," भाची म्हणाली. "तू तुझ्या जागी सही कर. मला दोघी लागतात."

मावशीनं ते तिरके शब्द खोडले, वर 'मावशी' असं लिहिलं आणि डोळे पुसत सही केली. शाळेनं काही फॉर्म परत पाठवला नाही.