प्लास्टरच्या पट्टीवरचं बीपी

मुलुंडच्या त्या नर्सिंग होममध्ये रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरवर कशा करायच्या ते शिकवायला ओजस आला, तेव्हापासून माधुरी सिस्टरला त्याचा संशय होता. पोरगा गोड बोलायचा, पण नजर सगळ्यांच्या बोटांवर.

"कोण हळू आहे ते वर सांगणार बघ हा," ती नंदा सिस्टरला म्हणाली.

"सांगू दे ना. तुझी बोटं तशीही कुठे धावतात?"

माधुरीला हसू आलं नाही. तिची नोकरी कंत्राटी. नवं कंत्राट द्यायचं की नाही, ते मेट्रन दीप्ती मॅडम याच आठवड्यात ठरवणार होत्या.

सकाळी तिने नेहमीसारखाच राउंड घेतला. एकेकीचं बीपी घ्यायचं, युनिफॉर्मवर चिकटवलेल्या प्लास्टरच्या पट्टीवर पेनने लिहायचं आणि शेवटी टेबलाशी बसून सगळं एकदम टॅबवर उतरवायचं. कागदाच्या काळापासून सगळ्या सिस्टर असंच करत. उतरवून झालं की पट्टी कचऱ्यात.

थोड्या वेळाने मॅडम आल्या. "दोन मिनिटांत अख्ख्या वॉर्डाचं बीपी? की बसल्या जागी आकडे टाकलेस?"

माधुरीने ओजसकडे पाहिलं. "लावलीस ना माझी वाट?"

"मी काहीच नाही सांगितलं, सिस्टर. टाइप केल्याची वेळ आपोआप पडते."

ती कचऱ्याच्या डब्याकडे धावली. आतली पिशवी नुकतीच बदललेली होती.

"चल, माझ्यासमोर घे," मॅडम म्हणाल्या.

पहिल्याच खाटेवरच्या शकुआजींचं बीपी सकाळपेक्षा बरंच वर निघालं.

"वाढतला नाय तर काय!" आजी करवादल्या. "एवढी माणसां डोक्यार उभी! सकाळी ही एकटीच इलेली. माका गप रव म्हणान दटावल्यान आणि अंगावरच्या पट्टीयेर लिवल्यान."

मॅडमनी आजींच्या दंडाचा पट्टा सोडला. "दुपारी एकटीच घे. खाटेपाशीच टाइप कर. कंत्राटाचं मग बघू."

दुपारी वॉर्ड निजला होता. आजींचं बीपी सकाळच्या आकड्याला येऊन थांबलं. माधुरीने ते टॅबवर टाकलं, शेजारी वेळ उमटली. लगेच मॅडमचा फोन आला, "दिसलं. उद्या येऊन सही कर."

"झकास!" ओजस म्हणाला.

टॅबवर टाकायच्या आधी माधुरीने आकडा पट्टीवरही लिहिला होता. ती पट्टी तिने सोलून काढली आणि घडी घालून खिशात ठेवली.