तीन कुकर, एक झाकण

लहान, मधला आणि मोठा, तिन्ही कुकरांना एकच झाकण बसावं ही कल्पना तिची. दोन वर्षं तिने त्यासाठी रक्ताचं पाणी केलं. कारखान्याच्या मालकांपुढे मात्र तिथेच काम करणाऱ्या थोरल्या दिराने ती स्वतःची म्हणून मांडली. तो नव्या मालाच्या विभागाचा प्रमुख झाला आणि हिची रवानगी चाचणीच्या खोलीत झाली. घरी तो एवढंच म्हणाला, की घरातच राहिलं सगळं, मनाला लावून घेऊ नकोस. तिने ते नेमकं मनालाच लावून घेतलं.

पुढे चौथ्या, अगदी छोट्या कुकरचं काम निघालं. तो हलका व्हावा म्हणून दिराने झाकणाची कड पातळ करवली. छोट्यावर ते झकास बसलं. पण झाकण सगळ्यांचं एकच, आणि मोठा कुकर जास्त दाबावर चालायचा. तिने ते मोठ्यावर चढवून पाहिलं. कड वाकली.

अहवाल तिने त्याच दुपारी लिहिला आणि खणात टाकला. नव्या झाकणाचे साचे तेव्हा कापायला घेतले होते. तोंडावर आपटायचाच आहे, तर पुरता आपटू दे, असं तिने ठरवलं.

नवव्या दिवशी साचे तयार झाले. मालक पाहायला आले. चाचणीचं काय, असं त्यांनी विचारताच तिने अहवाल पुढे केला. त्यांनी तो वाचला, मग तारीख वाचली.

"नऊ दिवस हा कागद कुठे होता?"

"माझ्याकडे. चाचणीवाल्यांनी कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा भाऊजींचा लेखी हुकूम आहे."

हुकूमही तिने सोबत आणला होता. दिराच्या तोंडचं पाणी पळालं.

आठवड्याभरात चारही कुकरांचं काम तिच्याकडे आलं. साचे मात्र भंगारात गेले. ते घडवणारे म्हातारे मिस्त्री तिच्या टेबलाशी येऊन थांबले.

"ते नऊ दिवस रोज तुमच्यासमोर बसून चहा प्यायलो, ताई," ते म्हणाले.

घरी जेवताना दिराने मान वर न करता विचारलं, "एक शब्द बोलली असतीस तर?"

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही बोलला असतात तर?"

जाऊबाई वाढायच्या थांबल्या. मिस्त्रींचं तिला खरंच वाईट वाटत होतं. पण दिराचा उतरलेला चेहरा ती ताट संपेपर्यंत डोळे भरून पाहत राहिली.