शेपटीच्या स्क्रूवरची लाल रेघ

हेलिकॉप्टरवरच्या माझ्या लाल रेघा पुसून त्यांच्या जागी निळ्या आल्यात, हे मला ठकुबाईला पाजताना दिसलं.

ठकुबाई म्हणजे माझी मुलगी. पाळण्यातलं नाव सरोज. पण झोपल्याचं सोंग करते आणि पाळण्यात ठेवलं की टक्क डोळे उघडते, म्हणून सासूबाईंनी तिला ठकुबाई करून टाकलं. आमच्या मार्गासनी गावातल्या घराला लागून पत्र्याची एक खोली आहे. तिथं दुपारी जरा शांत असतं म्हणून मी तिला घेऊन बसते. समोरच्या टेबलावर माझ्या नवऱ्याचं, कुमारचं, हेलिकॉप्टर असतं. खेळण्यातलं नव्हे. पाती उघडली की दारातून निघत नाही. टेम्पोच्या हौद्यात गादी टाकून, निजवून न्यावं लागतं. खाली उभं राहून रिमोटनं ते उडवायचं आणि त्याच्या पोटाखाली टांगलेल्या मोठ्या कॅमेऱ्यानं वरून चित्रण करायचं, हा आमचा धंदा. आमचा म्हणायची जिभेला सवय आहे. सध्या तो कुमारचा आणि सोनियाचा आहे.

हे काम एकट्याचं नसतं. जो उडवतो त्याची नजर हेलिकॉप्टरवरून ढळता कामा नये, त्यामुळं कॅमेरा फिरवायला दुसरं माणूस लागतं. त्याचा रिमोट वेगळा, त्याच्यासमोर छोटा पडदा. ठकुबाई पोटात होती तरी तो दुसरा रिमोट बरेच दिवस माझ्याच गळ्यात होता. पोटावर टेकवायला बराही पडायचा. मग डॉक्टरीणबाईंनी उन्हात उभं राहणं बंद केलं आणि भोरची सोनिया आली. पुण्याहून कॅमेऱ्याचं शिकून आलेली, केस मानेपर्यंत, आवाज शांत. "तात्पुरती," कुमार म्हणाला होता. ठकुबाईला आता दोन दात आले.

हे हेलिकॉप्टर निवडलं मी. कुमारला पेट्रोलचं हवं होतं, कारण ते जास्त वेळ हवेत राहतं. मी म्हटलं, इंजिन थरथरणार, तेलकट धूर भिंगावर बसणार, मग जास्त वेळ चित्रण कशाचं करणार, थरथरीचं? बॅटरीवरचं घे, पण मोठं घे. लांब पाती सावकाश फिरतात आणि जड कॅमेरा घेऊनही डोंगरावरच्या वाऱ्याला बधत नाहीत. लग्नाबिग्नाला आमच्याकडे ड्रोन आहेच. पण जाहिरातवाले त्यांचा भलाथोरला कॅमेरा घेऊन आले की गादीवरचं हे धूड बाहेर निघतं.

आणि रेघा माझ्या. उडताना यंत्र बारीक बारीक थरथरत असतं, त्यात स्क्रू सैल पडतात. म्हणून स्क्रू कसला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक सलग रेघ ओढायची. पुढं स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. माझ्या लग्नातली लाल नेलपॉलिशची बाटली त्यात संपली. आमचा एकच नियम होता: ज्या हातानं कसला, त्याच हातानं तिथल्या तिथं रेघ मारायची. मागाहून मारू म्हणायचं नाही.

"या निळ्या कुणी मारल्या?" मी त्या संध्याकाळी विचारलं.

"सोनियानं. सगळं थिनरनं पुसून घेतलं. तुझ्या नेलपॉलिशचे टवके उडाले होते."

"मला सांगायचं तरी."

"स्क्रूवरची रेघ होती, अश्विनी," कुमार म्हणाला. "कुंकू नव्हतं."

त्या निळ्या रेघा माझ्या रेघांपेक्षा सरळ होत्या. तेही सलत होतं.

खरं तर सलायला सुरुवात आधीच झाली होती. घरात मी कुमारला अहो म्हणते, सासूबाईंच्या कानाला बरं वाटतं. मैदानावर अहो म्हणायला सवड नसते. तिथं "कुमार, वर घे", "कुमार, थांब", एवढंच. ती एकेरी हाक फक्त मैदानावरची आणि फक्त माझी होती. एकदा तो कामावर असताना मी फोन केला, तर मागून सोनियाचा आवाज आला, "कुमार, डावीकडे घे." एरवी ती त्याला सर म्हणते. तिथं ती तसं का म्हणाली हे जगात माझ्याइतकं कुणालाच कळणार नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं.

मग मी चुका काढायला लागले. पात्याच्या टोकाची टेप सुटलीय म्हणाले, सुटली नव्हती. बॅटरी फुगलीय म्हणाले. ती नवी होती, मुळातच जाड. कुमारनं फक्त बॅटरी माझ्या हातातून घेऊन परत ठेवली. बोलल्या त्या सासूबाई.

"एकेका म्हशीला दुसऱ्याच्या हातानं धार काढलेली चालत न्हाई, तसं झालंय तुजं."

"आई, म्हैस मी नाही. म्हैस ती, टेबलावर आहे."

"तिला तर चाललंय की दुसरीचा हात," सासूबाई म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

वेल्ह्याच्या पुढच्या पासली गावचं काम आलं तेव्हा मी मागं लागून गेले. एका बियाणं कंपनीला निसवलेल्या, लोंब्या धरलेल्या भाताचं वरून चित्रण हवं होतं आणि खाचरं निघाली सासूबाईंच्या भावाची, सावळाराममामांची. मामांना पोरगी दाखवायची राहिलीय, असं मी सांगितलं. खोटं नव्हतं. टेम्पोत सोनिया मधे बसली, कारण पडद्याची पेटी तिच्या मांडीवर आणि तिच्या वायरी कुमारच्या बाजूला. मला खिडकी दिली, पोरीला हवा लागावी म्हणून. वेल्ह्यापर्यंत ते दोघं भिंगाबद्दल बोलत होते. मला त्यातलं सगळं कळत होतं आणि कुणी काही विचारत नव्हतं.

पासलीला सकाळ अगदी निवांत होती. खाचरं पायरी पायरीनं ओढ्यापर्यंत उतरलेली, लोंब्या खाली वाकलेल्या. मामा बांधावर घोंगडी टाकून तयारच होते. हेलिकॉप्टर उतरवलं तसे ते त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

"ह्यात मानूस बसतं का?"

"न्हाई, मामा," कुमार म्हणाला. त्यांच्याशी बोलताना तो आपोआप गावचा होतो.

"मग येवढं मोटं कशाला?"

"कॅमेरा बसतो."

"व्हय? मानसापरीस जड हाय म्हना की त्यो." मग माझ्याकडे वळून, "आन बाळा, तू न्हाई व्हय आज? मागं लग्नाला तूच हुतीस ना ते गळ्यात आडकवून?"

"आता मला हिला अडकवून घ्यायचंय, मामा," मी म्हटलं. कडेवरची ठकुबाई त्यांच्या मिशीकडे बघून रडायला लागली. ती परक्याकडे जात नाही. जरा अभिमानच वाटतो मला त्याचा.

कुमार कंपनीच्या माणसाशी बोलायला गेला. ऊन चढलं की सावल्या जातील, लवकर उरका, असं त्या माणसाचं चाललं होतं. सोनियानं बॅटऱ्या चढवल्या, कॅमेरा टांगला, एकेक वायर ओढून बघितली. हात हलका होता तिचा. झोपलेल्या लेकराला दुपटं घालावं तसा. ते बघवेना म्हणून मी हेलिकॉप्टरच्या शेपटीकडे जाऊन वाकले.

मला काय शोधायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. थिनरनं कितीही पुसलं तरी नेलपॉलिश खाचेत राहतं. माझं काहीतरी अजून त्या यंत्रावर असेल, एवढंच मला बघायचं होतं. शेपटीची लांब नळी जिथं धडाला धरलेली असते तिथं चार स्क्रू असतात. चौथ्यापाशी सापडलं. स्क्रूच्या डोक्याच्या कडेला लाल रंगाचा एक कण, आणि शेजारच्या पत्र्याच्या खाचेत दुसरा. मला इतकं बरं वाटलं की क्षणभर मी नुसती बघत राहिले.

मग दिसलं की ते दोन कण समोरासमोर नाहीत.

माझी रेघ सलग होती. आता तिचं एक टोक एकीकडे आणि दुसरं पार बाजूला. म्हणजे स्क्रू फिरला होता. आणि त्यावरून गेलेली निळी रेघ मात्र अखंड, सरळ, देखणी. फिरलेल्या स्क्रूवरच कुणीतरी नवी रेघ ओढली होती. ती नळी हवेत सरकली की तिच्यातून जाणारा पट्टा ढिला पडतो, शेपटीचा पंखा थांबतो, आणि मग हेलिकॉप्टर जागच्या जागी भोवऱ्यासारखं गरगरत खाली येतं. खाली मामा घोंगडीवर बसले होते.

पाती फिरायला अजून अवकाश होता. आणि मला बोलवेना. टेप सुटलीय, बॅटरी फुगलीय, आणि आता स्क्रू सैल आहे. मलाच माझा आवाज कसा ऐकू येईल ते कळत होतं.

"अहो," मी म्हटलं. मग म्हटलं, "कुमार."

तो तिकडूनच म्हणाला, "काय गं?"

"शेपटीचा चौथा स्क्रू सैल आहे."

कुमारनं कंपनीच्या माणसाकडे पाहिलं, मग सोनियाकडे, मग माझ्याकडे. "अश्विनी, आज नको."

"किल्ली लावून बघ."

"त्यावर रेघ आहे. मला दिसतेय इथून."

"रेघ आहेच रे. स्क्रू कसलेला नाही."

तो काही बोलायच्या आत सोनियानं खिशातून अॅलन-की काढली आणि गुडघ्यावर बसून चौथ्या स्क्रूत घातली. जोर लावावाच लागला नाही. किल्ली सहज फिरली. तिसऱ्यातही फिरली. तिनं मान वर करून कुमारकडे पाहिलं.

"पुसल्यावर तुम्ही कसले होते ना, सर?"

"मला वाटलं, रेघा मारतेयस म्हणजे तूच कसलेस," कुमार म्हणाला.

"मला वाटलं, तुम्ही."

मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. सोनियानं एकही सबब सांगितली असती तर वाटलंही असतं. तिनं स्क्रू बाहेर काढले, गोंद लावला, एकेक करून कसले आणि मला म्हणाली, "ताई, रेघ तुम्ही मारता?"

"कसलेस तू. तूच मार."

तिनं निळं पेन उघडलं. रेघ वाकडी आली.

गोंद धरेपर्यंत थांबलो. कंपनीच्या माणसाला मामांनी चहा पाजला. मग सोनियानं गळ्यातला रिमोट काढला आणि माझ्यापुढं धरला. "आज माझ्या हातानं कॅमेरा स्थिर राहणार नाही. तुम्ही घ्या. मी हिला घेते."

"ती जाणार नाही तुझ्याकडे. रडेल," मी म्हटलं.

"रडू दे. तुम्हाला तर ऐकायची सवय आहे."

मी ठकुबाईला तिच्याकडे दिलं. पट्टा मानेत घातला. तो सोनियाच्या मापाला आखूड केलेला होता. मी सैल केला. कुमारनं माझ्याकडे न बघता विचारलं, "तयार?"

"तयार. उचल."

हेलिकॉप्टर उठलं. पात्यांचा तो जाड, भरलेला आवाज छातीत आला. पडद्यावर खाचरं एकामागून एक उलगडत गेली, पिवळी, हिरवी, मधे ओढ्याची चमक. माझी बोटं काहीच विसरली नव्हती. "कुमार, जरा मागं. थांब. आता सावकाश उजवीकडे." तो जात होता. मी म्हणायच्या आधीच अर्धा जात होता. हे असंच असायचं. मी कॅमेरा हलके हलके खाली वळवला, लोंब्यांवरची सावली धरली, आणि मला वाटलं, आता याहून जास्त काही नकोच.

तेवढ्यात लक्षात आलं की रडणं ऐकू येत नाहीये.

पडद्यावरून डोळे काढायचे नसतात. मी काढले. बांधावर, मामांच्या पलीकडे, सोनिया उभी होती. ठकुबाई तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. सोंग नव्हतं, सोंगात तिची मूठ मिटलेली असते. आता हात सुटून लोंबत होता, आणि गाल सोनियाच्या मानेत पार रुतला होता.

"अश्विनी," कुमार म्हणाला, "चित्र हललं."

"वारा आला," मी म्हणाले.

भाताचं एक पान हलत नव्हतं. कुमारनं हेलिकॉप्टरवरची नजर काढली नाही. "बरं," तो म्हणाला. "मागं घेतो. पहिल्यापासून घेऊ."

मी पुन्हा पडद्यात डोळे घातले. कान मात्र बांधावर ठेवले. आता उठेल, आता तिला कळेल की ही मी नाही, आता रडेल.