एरंडीची बादली

मिरचीला कोणतं खत घालायचं ते ठरवायचं काम अत्यानं माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी हवेतच होते. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी द्यायलाही माझा आवाज फुटत नसे. आणि आता मी, हरिप्रिया, एकटी सायकल मारत बाजारात निघाले होते, खताच्या दुकानदाराशी वाद घालायला!

गच्चीवर पिशव्यांमध्ये लावलेली ती मिरची म्हणजे अत्याचा जीव. माझी ही अत्या, मीनाक्षीबाई, त्या मिरच्या दह्यामिठात मुरवून उन्हात वाळवते. तिरुभुवनम्‌चे नातेवाईक आधीपासून सांगून ठेवतात. यंदा मात्र पानं पिवळी पडत होती आणि फुलं धरण्याआधीच गळत होती.

दुकानदार विष्णुवर्धन अण्णांनी तीन पोत्यांची तोंडं उघडून दाखवली. शेंगदाण्याची पेंड, निंबोळी पेंड, एरंडीची पेंड.

"निंबोळी ने, पाप्पा. पिशवीतल्या मिरचीला ती पुरे," ते तमिळमध्ये म्हणाले. इथं लहान मुलींना पाप्पा म्हणतात.

"पण खालची पानं पिवळी आहेत, म्हणजे नत्र कमी पडतंय. एरंडीत नत्र जास्त असतं ना?"

"बाप रे! कुणी शिकवलं?"

"मीच वाचलं."

"मग ने एरंडी. फक्त एक ऐक. घरी गाय आहे?"

"नाही."

"बरं. ही पेंड गुरांच्या तोंडाला लागता कामा नये. विष आहे हे गुरांना."

"अण्णा, मिरची गच्चीवर आहे. गाय जिना चढून येईल होय?"

ते हसले. मीही हसले. ते हसणं नंतर माझ्या कानांत किती वाजलं, काय सांगू!

घरी येऊन मी पेंड बादलीत भिजत घातली, वर फळी ठेवली आणि ओरडून सांगितलं, "अत्या, गच्चीवरल्या बादलीला हात लावू नकोस, घाण वास आहे!" झालं. सांगितलं म्हणजे संपलं, असंच मला वाटलं.

दोन दिवसांनी शाळेतून आले, दप्तर फेकलं आणि धावत गच्चीवर गेले. फळी होती. बादली नव्हती.

खाली आले. आमच्या दारापुढच्या ओट्याला इथं सगळे तिण्णै म्हणतात. तिण्णैच्या कडेला एक दगडी कुंडी आहे. तांदूळ धुतलेलं पाणी, भाज्यांची सालं, सगळं त्यात जातं आणि रस्त्यानं जाणारी गाय ते पिऊन जाते. आमच्या रस्त्यावर प्रत्येक दारात अशी कुंडी आहे. बादली तिथं आडवी पडली होती. कुंडी चाटूनपुसून स्वच्छ.

"अत्या!"

अत्या मोगऱ्याचा गजरा गुंफत बसली होती. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून आमच्या घरची मराठी जुनीच राहिली, पुण्याकडचे पाहुणे ऐकून हसतात. पण अत्याची तर आणखीच जुनी.

"काय म्हणून ओरडतेस गे?"

"बादली खाली कुणी आणली?"

"मीच आणलें. पापड वाळत घालायला वर गेलें, पाहिलें तर पेंड भिजत पडलेली. झाडांना पेंड घालतात का कोणी, गाभण गाय दारांत उभी असतां? टोकाच्या गोठ्यांतल्या सुंदरची कल्याणी आली होती दुपारीं. काय गोडीनें प्याली गे!"

मी तिण्णैवरच बसले.

"अत्या, ती एरंडीची पेंड होती."

"मग?"

"गायीला विष आहे ते."

गजऱ्याचा दोरा अत्याच्या बोटाभोवती तसाच राहिला. आत देवघरात पांडुरंगापुढे समई तेवत होती, तिच्याकडे बघायची आमची दोघींची छाती झाली नाही.

"विष म्हणून सांगितलीस कां नाहींस?" ती शेवटी पुटपुटली.

मी विष्णुवर्धन अण्णांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"गाय कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून पाहिली नाही."

"बरी दिसली तरी फसू नकोस. याची लक्षणं उशिरा दिसतात, कधी दुसऱ्या दिवशी. डॉक्टरला आत्ता बोलाव. लाळ गळायला लागली, मग हातात फारसं काही राहत नाही."

मी निघाले तशी अत्यानं माझा दंड पकडला.

"थांब. सुंदरला कशाला सांगायचें? काही होणार पण नाहीं कदाचित. झालें तर रस्ताभर म्हणतील, रायरांच्या घरानें गाभण गाय मारली. मी कोठें तोंड दाखवूं, प्रिया?"

इथं आम्हां मराठी लोकांना रायर म्हणतात. अत्याला मी कधीही इतकी लहान झालेली पाहिली नव्हती. मला पण वाटलं, हो, नको सांगायला. गप्प बसावं. उद्या सकाळी कल्याणी दारात येईल आणि सगळं ठीक असेल. आणि नाही आली तर?

"तू पण चल," मी म्हणाले. "मला एकटीला भीती वाटते."

सुंदर अण्णांचा गोठा रस्त्याच्या टोकाला आहे. कल्याणी बसून रवंथ करत होती, पोट एका बाजूला मोठ्या गाठोड्यासारखं टेकलेलं. डोळे शांत. तिला तसं शांत पाहून माझी भीती दुप्पट झाली. लाळ गळत असती, तडफडत असती, तर निदान काय ते कळलं असतं. ही आपली मजेत रवंथ करतेय आणि आत पोटात काय चाललंय ते तिलाही ठाऊक नाही.

सुंदर अण्णा गवताची पेंढी सोडत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते ओरडतील म्हणून मी खांदे आवळून उभी होते. ते ओरडले नाहीत. पेंढी हातातून खाली ठेवली, कल्याणीच्या नाकाला हात लावला आणि फोन काढला. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

जनावरांच्या डॉक्टर बाई स्कूटरवरून आल्या. कोळशाची पूड पाण्यात कालवली, नळीनं कल्याणीच्या पोटात सोडली. कल्याणीनं मान झटकली तेव्हा काळं पाणी माझ्या पांढऱ्या गणवेशावर उडालं.

"किती खाल्लं?" त्यांनी विचारलं. "नुसतं वरचं पाणी, की खालचा गाळ पण?"

मी अत्याकडे पाहिलं. अत्या खांबाला टेकून उभी होती, ओठ हलत होते, नामस्मरण चाललं असावं.

"अत्या, सगळी बादली ओतलीस?"

"नाहीं," अत्या म्हणाली. "वरचें पाणी दिलें. खालचा रेंदा चांगला दाट होता, उद्याला होईल म्हणून हंड्यांत काढून मागल्या दारीं ठेवलें."

"मागच्या दारी? उघडा?"

मागच्या दारी तर शेजारच्यांच्या शेळ्या येतात! मी अशी धावले की चप्पल रस्त्यातच राहिली. हंडा होता. ताटलीनं झाकलेला, वर दगड. मुंग्या सोडून कुणी शिवलं नव्हतं. मी तो उचलून गोठ्यात आणला आणि डॉक्टर बाईंपुढे ठेवला. त्यांनी काठीनं ढवळून पाहिलं.

"हे पोटात गेलं असतं तर मी उगाच आले असते," त्या म्हणाल्या. "पाण्यातही उतरतंच विष. पण आशा आहे."

"आणि वासरू?" सुंदर अण्णांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला.

"ते बाहेर येईल तेव्हाच कळेल."

दुसऱ्या दिवशी कल्याणीनं चारा तोंडात घेतला नाही. शेण पाण्यासारखं. सलाईन लावलं. मी शाळेत गेले, पण फळ्यावरचं एक अक्षर दिसेना. अत्या जेवली नाही. गच्चीवर मिरचीला पाणी घालायलाही कुणी गेलं नाही. त्याच्या पुढच्या सकाळी सुंदर अण्णा दारात उभे राहिलेले दिसले आणि माझ्या हातातला तांब्या खाली पडला.

"गवत खाल्लं," ते म्हणाले. एवढंच. आणि गेले.

त्याला आता आठवडा झाला. मिरचीला मी निंबोळी घातली, एरंडीचा रेंदा लांब खड्ड्यात खोल पुरला. पानं अजून पिवळीच आहेत, असोत.

आज कल्याणी आजारानंतर पहिल्यांदा आमच्या दाराकडे आली. अत्या तांदळाचं पाणी घेऊन धावली. कुंडीत ओतायच्या आधी थांबली, ओंजळ भरली आणि स्वतः प्याली. माझ्यादेखत, रस्त्यावर, सोवळ्याची एवढी कडक माझी अत्या!

"काय पाहतेस?" ती म्हणाली. "आधीं मी."

उरलेलं पाणी तिनं कुंडीत ओतलं. कल्याणी जवळ आली. कुंडी हुंगली. तिनं मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि न पिता शेजारच्या दारी गेली.

अत्या रिकाम्या भांड्यासकट तिथंच उभी राहिली. मी पळत कल्याणीला गाठलं आणि भीत भीत तिच्या पोटावर तळवा ठेवला. रोज गोठ्यात जाऊन ठेवते तसाच. काहीच हललं नाही. ती पाणी पीत होती, मी हात काढला नाही. आणि मग आतून, अगदी हलकेच, कुणीतरी माझ्या तळव्याला ढुशी दिली.

"अत्या!" मी ओरडले. "इकडे ये! हात दे तुझा!"