समोरच्या काठावरची बाभूळ

भिवाजीनं बांबू पैनगंगेच्या तळाला टेकवला, छातीचा भार दिला आणि डोंगा आंध्राच्या काठावरून सुटला. डोंग्यात बाजाराला निघालेल्या चार बाया, एक सायकल आणि किराणा दुकानदार बाबाराव. बाबाराव सुपारी कातरत होता, पण हाताबरोबर तोंडही चालू ठेवायची त्याची सवय.

"काऊन गा भिवाजी, चंपतची सीडी पाह्यली का नाई?"

"वेळ कोनाले हाये."

"सारं गाव तुज्यासाठी अडून बसलं हाये."

पलीकडच्या, महाराष्ट्राच्या काठावरच्या बाभळीवर भिवाजीची नजर होती. डोंगा हाकणाऱ्यानं माणसांकडं बघायचं नसतं. समोरची एक खूण धरायची आणि ती सोडायची नाही. हे त्याला बापानं शिकवलं होतं. पुढं त्यानं ते धाकट्या चंपतला शिकवलं, याच डोंग्यात, दोन थपडा देऊन.

तोच चंपत आता कॅरिबियन समुद्रात एका गोऱ्या मालकाची शिडाची नाव चालवत होता. निदान फोनवर तरी तसं सांगायचा. हैदराबादला हॉटेलचा कोर्स करून, गोव्यावरून तो तिकडं गेला त्याला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षं भिवाजीच्या पोटात दुखत होतं. दिवसातून वीस वेळा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या माणसाचं गावात कुणाला कौतुक नव्हतं. त्याची स्वतःची बायको पंचफुला शेजारणींना सांगताना म्हणायची, 'आमचे भाऊजी नाव चालवतात.' जसं काही घरात दुसरा कुणी नावाडी नव्हताच.

आठ दिवसांपूर्वी टपालानं सीडी आली, ती उत्तमराव मास्तरांच्या पत्त्यावर. टीव्ही आणि सीडी लावायचं यंत्र त्यांच्याच घरी होतं, आणि सोबतची चिठ्ठीही त्यांनीच वाचून दाखवली होती. 'सीडी आधी दादानं एकट्यानं बघावी, मग बाकीच्यांनी,' एवढंच त्यात लिहिलेलं. ऐकून भिवाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी मला जाळायचं आणि मग गावाकडून शाबासकी घ्यायची, असा त्यानं अर्थ लावला. मास्तर निरोप पाठवत राहिले, हा डोंग्याचं निमित्त सांगत राहिला.

रविवारी दुपारी आई विठाबाईचा धीर सुटला.

"तुले नसन पाहाची तर नको पाहू. माया लेकराले मी पाह्यतो."

ती काठी टेकत मास्तरांच्या घरी गेली, मागोमाग पंचफुला आणि निम्मी आळी. भिवाजी जायचंच नाही असं ठरवून बसला होता. पण दोन खेपा रिकाम्या गेल्या, काठावर कुणी माणूसच येईना. शेवटी तो गेला आणि दारातच उभा राहिला.

"जयभीम, ये भिवाजी. आत्ताच लागली," मास्तर म्हणाले. त्यांनी हातात शाळेची पट्टी घेतली होती. "हे सेंट लुसिया बेट. इथून सकाळी निघायचं अन् संध्याकाळी मार्टिनिकला पोचायचं. नावेवरच्या कोण्या पाहुण्यानं काढली सीडी."

पडद्यावर हिरव्या डोंगरांचं बेट मागं पडत होतं. त्याचा आडोसा संपला, मोकळ्या समुद्राचा वारा शिडात भरला आणि अख्खी नाव एका कुशीवर कलली. बायांनी एकमेकींचे हात धरले. तेवढ्यात चंपत दिसला. पांढरा शर्ट, दोन्ही हात नावेच्या सुकाणूच्या चाकावर, तोंडभर हसू.

"पाहा वो माय, भाऊजी," पंचफुला म्हणाली. असा फुललेला चेहरा भिवाजीनं घरी कधी पाहिला नव्हता.

त्यानं पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि दाराला टेकलेला तो सरळ झाला. चंपतची नजर कॅमेऱ्याकडं होती. चाकाच्या खालच्या बाजूला तिसरा एक हात होता, पिवळ्या केसांचा, कुणा गोऱ्याचा.

मग चित्र बदललं. पुढं समुद्र उसळत राहिला, लोक त्याच्याकडंच पाहत राहिले, आणि भिवाजी कडेकडेला चंपत शोधत राहिला. चंपत पेले भरत होता. ताटल्या उचलत होता. ओकाऱ्या काढणाऱ्या पाहुणीपुढं बादली धरत होता. त्याची नजर कुणाच्या तरी हाताकडं, कुणाच्या तरी तोंडाकडं. शिडाकडं एकदाही नाही, समोरून वर येणाऱ्या बेटाकडंही नाही.

भिवाजीला फार बरं वाटलं. चार वर्षांचं ओझं एका झटक्यात उतरलं, आणि सांगायला समोर निम्मी आळी बसलेली.

पडद्यावर चंपत भरली बादली घेऊन कललेल्या फळ्यांवरून चालला होता. उजवा पाय मागं, गुडघा सैल, डोंग्यात शिकवला होता तसा. बादलीतला थेंब सांडला नाही. भिवाजीला एकदम ती चिठ्ठी आठवली. आधी दादानं, एकट्यानं. नाव चंपत चालवत नाही हे अख्ख्या गावात ओळखणारा माणूस एकच होता, आणि चंपतनं त्यालाच आधी बोलावलं होतं. आपणच गेलो नाही.

बाबारावही बारीक नजरेचा. तो वळून म्हणाला, "भिवाजी, तुले यातलं कळते. मगापासून त्याच्या हाती बादलीच दिसून राह्यली. खरंच नाव तोच चालवते का?"

खोलीतले सगळे दाराकडं बघू लागले. विठाबाईनं मोतीबिंदू काढलेला डोळा त्याच्याकडं वळवला.

"सांग ना बापू," ती म्हणाली.

भिवाजीनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

"तोच चालवते," तो म्हणाला. "वारं आडवं असलं का मंधात चाक दुसऱ्याच्या हाती देते. दिवसभर कोनाचेच हात टिकत नाई. पन नाव त्याचीच."

विठाबाईनं मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडं तोंड केलं. पंचफुला मात्र नवऱ्याकडं थोडा वेळ पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खेपेला बाबाराव डोंग्यात होता. मधल्या धारेला डोंगा हलला, तशी त्यानं कड धरली.

"भिवाजी, तुले जमन का गा, चंपतसारखं? समुद्रात?"

"नाई," भिवाजी म्हणाला. "आपल्याच्यानं नाई होत ते."

त्यानं बांबू खोल रोवला आणि बाभळीवरची नजर काढली नाही.