चाखलेली वाळू

मिस्त्रींची जीभ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. साइटवर वाळूचा ट्रक आला की सगळी कामं थांबायची. मिस्त्री चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि सांगायचे, "गोडी आहे, उतरवा." नाहीतर, "खारी आहे, न्या परत." पुढे कुणाची ब्र काढायची टाप नव्हती. खाऱ्या वाळूतलं मीठ काँक्रीटच्या पोटात शिरतं, सळई गंजते, फुगते आणि दहा-बारा वर्षांत धडधाकट खांब आतून फोडते, हे त्यांनी गवंड्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की गवंडी पाठीमागे त्यांची हुबेहूब नक्कल करत. ठेकेदार तर घरं घेणाऱ्यांना मुद्दाम ट्रकपाशी आणून उभं करायचा. लोकांना काय, तमाशा आवडतोच. मिस्त्रींच्या लेकीने आणि जावयाने याच इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या, त्याही बाबांच्या जिभेच्या भरवशावर.

तीन महिन्यांपूर्वी मिस्त्रींना ताप आला. ताप उतरला, चव काही परतली नाही. आज येईल, उद्या येईल करत हा माणूस गप्प बसला. चुकलंच त्याचं, उगाच पांघरूण कशाला घाला? पण जीभ गेली म्हणायचं म्हणजे काम गेलं, मान गेला, आणि या वयात पुन्हा घमेली उचलायची. मग वाळूचा दाणा डोळ्यांनीच पारखायचा, शिंपल्याचा कण दिसत नाही ना एवढं बघायचं आणि ठोकून द्यायचं, "गोडी." असे एकोणीस ट्रक उतरले.

बायकोपासून अशी गोष्ट किती दिवस लपणार? एकदा जेवताना तिने विचारलं, "अहो, भाजी कशी झालीय?"

"झकास."

"मीठच घातलं नाहीये मी."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री जेवणाच्या रिकाम्या डब्यातून मूठभर वाळू घरी घेऊन आले. वाटीत पाणी घालून ढवळली, गाळ खाली बसू दिला आणि वाटी बायकोपुढे धरली. तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच चूळ भरायला धावली.

"अहो, नुसतं मीठ आहे हे."

त्या वाळूचे खांब दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले होते.

सकाळी स्लॅब भरायचा होता. त्याआधी ते ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीत शिरले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. ठेकेदार शांतपणे चहा पीत होता.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "वाळूवाल्याने एकदा चुकून खाडीकडची वाळू पाठवली. मी ती परतच पाठवणार होतो. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, गोडी. मग मी कशाला नाही म्हणू? तेव्हापासून तीच मागवतोय, स्वस्त पडते."

"माझी लेक राहणार आहे इथे."

"मग तर तोंड उघडूच नका, तिचेही पैसे बुडतील. चला, लोक खोळंबलेत."

सांगावं तर आयुष्यभराची अब्रू जाणार, न सांगावं तर लेकीच्या डोक्यावर मरण टांगलेलं. मिस्त्री बाहेर आले, तर तिथे त्याहून वाईट. विसाव्या ट्रकभोवती घरं घेणारे दहा-बारा जण उभे होते आणि पुढेच पडद्यांची मापं घ्यायला टेप घेऊन आलेली लेक. मिस्त्रींनी वाळू जिभेवर ठेवली. मीठ काय, माती काय, काहीच लागलं नाही.

"खारी आहे," ते म्हणाले. "परत न्या."

ठेकेदार मोठ्याने हसला. "मनावर घेऊ नका हो. मिस्त्रींना तीन महिने झाले, कसलीच चव लागत नाही. आत्ताच कबूल केलंय त्यांनी. काय मिस्त्री, खरं ना?"

"खरं आहे."

लोकांचा जीव भांड्यात पडला. दोघं-तिघं हसलेही. कुणीतरी मिक्सर सुरू केला. लेक मात्र हसली नाही. ती बोटांवर महिने मोजत होती.

"आमचे खांब दोन महिन्यांपूर्वी भरले," ती म्हणाली. "मग ती वाळू कुणी चाखली, बाबा?"

अजूनही एका शब्दात सुटता आलं असतं. म्हणाले असते, तेव्हा चव होती, तर पोरीने ऐकलं असतं. आजवर ती त्यांचा प्रत्येक शब्द ऐकत आली होती.

"कुणीच नाही," मिस्त्री म्हणाले. "मी नुसता गोडी म्हणालो. पाडायला लागतील ते."

ठेकेदार खिशात किल्ली चाचपत गाडीकडे वळला, तसं घर घेणाऱ्यांतल्या एकाने जाऊन फाटकाला आतून कडी घातली आणि बाकीचे त्याच्या शेजारी रांगेत उभे राहिले. मिस्त्री आणि ठेकेदार वाळूच्या ट्रकपाशी राहिले, दोघेच. लेकीने टेप गुंडाळून पिशवीत टाकला आणि ती फाटकापाशी, त्या लोकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.